थोरल्याची फळी, धाकटीचे पाय

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं. थोरल्याचा सदरा मधल्याकडे येतो, मधल्याचें दप्तर धाकट्याकडे जातें, आणि सायकल तर घरांतील चार-चार मुलांना पुरून उरते. या रीतीनें आपल्या घरांचे संसार काटकसरीनें व सुखानें चालले, आणि तिच्याविषयीं माझ्या मनांत आजही आदरच आहे. परंतु याच रीतीच्या भरंवशावर दोन हिवाळ्यांपूर्वीं मीं एक सल्ला दिला, आणि त्याचें प्रायश्चित्त माझ्या पुतणीच्या मनगटाला भोगावें लागलें. त्या चुकीची हकीकत व तिच्यापासून शिकलेल्या चार गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

स्नोबोर्ड म्हणजे बर्फाच्या उतारावरून उभ्यानें घसरत जाण्याची लांबट फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे ठेवून बुटांसकट पक्के बांधावयाचे असतात. ज्या पट्ट्यांच्या साधनानें ते बांधतात त्यास बाइंडिंग म्हणतात. हा खेळ आपल्या हवेंतला नाहीं हें खरें. परंतु आज आपल्या कुटुंबांतील मुलें-मुली बोस्टन, डेन्व्हर, म्यूनिक, टोकियो अशा ठिकाणीं शिक्षणास व नोकरीस असतात, आणि हिवाळा आला कीं तेथील सोबत्यांबरोबर डोंगरावर जातात. घरीं फोटो येतो, पाठोपाठ "सामान विकत घेऊं का?" असा प्रश्नही येतो. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं या बाबतींत अगदींच अजाण असणें बरें नव्हे. मी स्वतः फळीवर एकदांही उभा राहिलेलों नाहीं. जें लिहीत आहें तें पाहून, विचारून आणि चूक करून मिळविलेलें आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा बोस्टन येथें नोकरीस आहे. उंची ५ फूट १० इंच, वजन ७८ किलो, स्वभाव धाडसी. आज कित्येक हिवाळे तो हा खेळ खेळत आहे. त्याची धाकटी बहीण पदव्युत्तर शिक्षणासाठीं त्याच शहरीं गेली. ती ५ फूट २ इंच उंच, वजन ५२ किलो. भावाचें पाहून तिलाही हौस वाटली. बोर्ड, बाइंडिंग आणि बूट असें सर्वच नवें घ्यावयाचें तर तिकडे आठशें ते हजार डॉलर सहज लागतात. तिनें घरीं सल्ला विचारला. मीं मोठ्या ऐटींत कळविलें, "दादानें नवी फळी घेतली आहे, जुनी भिंतीला टेकून उभी आहे. ती वापर. बूट तेवढे नवे घे, आणि तेही एक माप मोठे घे, म्हणजे दोन-दोन मोजे घालतां येतील." वहिनींना हा सल्ला पटला. आमच्या मातोश्रींनीं फोटो पाहिला व "अगो बाई, हा तर लांबोळका पाटच कीं!" असें म्हटलें. पाट काय, घरांत कोणालाही चालतो, असेंच आम्हां सर्वांस वाटलें.

त्याच जानेवारींत आम्ही उभयतां बोस्टनला गेलों. एका शनिवारीं पहांटे मुलांनीं आम्हांस मोटारींत बसवून व्हर्मॉंट राज्यांतील एका डोंगरावर नेलें. सुमारें तीन तासांचा रस्ता. मी व सौ. पायथ्याच्या लाकडी घरांत कांचेजवळ बसलों. पुतण्या वरून वळणें घेत खालीं येई, तेव्हां कुशल शिंपी कापडावर खडू ओढीत आहे असें वाटे. मुलगी मात्र शिकाऊ लोकांच्या सौम्य उतारावर दर दहा-पंधरा पावलांवर पडत होती. फळी वळावी म्हणून ती खांदे फिरवी, अंग पिळी. फळी आपली सरळच जाई. थोडा वेग आला कीं फळीची कड बर्फांत अडके आणि ती पाठीवर आदळे. तिसऱ्या प्रहरीं ती हात टेकून पडली व मनगट सुजलें. सुदैवानें हाड मोडलें नव्हतें, मुरगळण्यावर निभावलें. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "काका, हें माझ्या अंगांतच नाहीं. तुम्हीं उगीच दादाची फळी मला दिलीत, तो ती विकून पैसे तरी करता."

तिच्या त्या बोलण्याचें मला फार वाईट वाटलें. हीच मुलगी लहानपणीं आमच्या माजघरांतील शहाबादी फरशीवर पायमोजे घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत जाई, आणि मातोश्री ओरडत असतांही एकदांही पडत नसे. मग हिच्या अंगांत काय नाहीं?

उत्तर मिळालें तें सामान दुरुस्त करण्याच्या खोलींत. भाड्यानें घेतलेलीं शिरस्त्राणें परत करावयास आम्ही तेथें गेलों. कड घासण्याच्या यंत्रापाशीं एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनीं मुलीकडे पाहिलें, तिच्या कांखेंतील फळीकडे पाहिलें, बांधलेल्या मनगटाकडे पाहिलें, आणि हंसून विचारलें, "ही फळी कोणाची?" भावाची, असें तिनें सांगितलें. "मला वाटलेंच," ते म्हणाले. नंतरचा अर्धा तास त्या भल्या माणसानें आम्हांस जें समजावून सांगितलें तें पुढें मीं आणखी चार ठिकाणीं विचारून ताडून पाहिलें. त्याचें सार असें:

बंधांचा उगम

या खेळाचा इतिहास लहान आहे, पण बाइंडिंगचें महत्त्व त्यावरूनच ध्यानांत येतें. १९६५ सालच्या नाताळांत अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, मस्कीगन गांवीं, शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थानें आपल्या मुलींच्या करमणुकीसाठीं दोन स्की एकत्र जोडून एक फळी केली. तिला त्याच्या पत्नीनें "स्नर्फर" असें नांव दिलें. पुढच्या टोंकाला एक दोरी असे. ती हातांत धरून मुलें वर उभीं राहात. पाय मोकळेच असत. खेळ गंमतीचा, पण फळीवर ताबा फारसा नसे.

पुढें १९७७ सालीं जेक बर्टन कार्पेंटर या तरुणानें व्हर्मॉंटमधील लंडनडेरी गांवीं फळ्या तयार करण्याचा उद्योग आरंभिला. १९७९ सालीं मिशिगनमधील स्नर्फरच्या स्पर्धेंत तो पाय अडकविण्याचा बंध लावलेली स्वतःची फळी घेऊन उतरला. इतरांनीं हरकत घेतली, तेव्हां त्याच्यासाठीं निराळा विभाग करावा लागला. पाय बांधले कीं फळी अंगाचा भाग होते, ही ती हरकत कशासाठीं होती त्याची खूण. पुढें डोंगरांचे मालकही या नव्या फळ्यांस आपल्या उतारांवर येऊं देत नसत. व्हर्मॉंटमधील स्ट्रॅटन या मोठ्या ठिकाणानें १९८३ सालीं परवानगी दिली, आणि १९९८ सालीं जपानमधील नागानो येथें हा खेळ ऑलिंपिकांतही आला. तरी अजूनही व्हर्मॉंटमधील मॅड रिव्हर ग्लेन येथें स्नोबोर्डास मज्जाव आहे; तेथें केवळ स्कीवाल्यांनाच जातां येतें.

आरंभ बुटांपासून

दुकानांत गेल्यावर प्रथम नजर जाते ती फळीवरील रंगीबेरंगी चित्रांकडे. जाणते लोक उलट क्रमानें जातात: आधीं बूट, मग बाइंडिंग, शेवटीं फळी. कारण स्वाराची प्रत्येक इच्छा पायांतून बुटांत, बुटांतून बाइंडिंगांत आणि तेथून फळीच्या कडेपर्यंत पोंचावयाची असते. वाटेंत कोठेंही ढिलेपणा असला कीं ती तेथेंच विरते.

बूट घालून सरळ उभें राहिलें असतां बोटांचीं टोंकें पुढच्या भागाला हलकेच लागावीं. गुडघे वांकविले कीं तीं किंचित् मागें यावीं. पुढें झुकतांना टांच वर उचलली जाऊं नये. मोजा एकच आणि पातळ असावा. दोन जाड मोजे घातल्यानें ऊब वाढत नाहीं. पाय आंत सरकतो आणि आवळल्यामुळें रक्त कमी पोंचून उलट गारठतो. "एक माप मोठे घे" या माझ्या सल्ल्याची किंमत येथें कळली. तिच्या बुटांत टांच चांगली अर्धा इंच उचलली जात होती.

कोणता पाय पुढें?

यानंतर त्या गृहस्थांनीं एक गंमत केली. मुलीला पाठमोरी उभी करून गप्पा मारतां मारतां तिच्या पाठीला अगदीं हलका धक्का दिला. तोल सांवरण्यासाठीं तिनें झटकन् उजवा पाय पुढें टाकला. डावा पाय पुढें ठेवून जाणाऱ्यांस "रेग्युलर" व उजवा पुढें ठेवणाऱ्यांस "गूफी" म्हणतात. दुसऱ्या शब्दांत कमीपणा कांहीं नाहीं, डावऱ्या-उजव्यासारखाच तो स्वभावभेद आहे. आमची मुलगी उजव्या पायाची, आणि दादाची फळी डावा पाय पुढें ठेवून बांधलेली. सबंध दिवस ती उलट्या पावलांनीं चालत होती म्हणावयाचें! माजघरांतील फरशीवरही ती उजवाच पाय पुढें टाकी, हें मला त्या क्षणीं आठवलें. फरशीवर मोजे घालून घसरून पाहणें हीच या बाबतींतली सर्वांत सोपी परीक्षा, असें ते म्हणाले.

बाइंडिंगची पारख

बाइंडिंगचे भाग मोजके आहेत. खालीं बैठक, ती मधल्या वाटोळ्या तबकडीनें व स्क्रूंनीं फळीवर बसते. टांचेमागें उभी पाठ असते, तिला हायबॅक म्हणतात. एक पट्टा घोट्यावरून व एक बोटांवरून येतो. टांचेच्या कडेवर वळावयाचें असलें कीं स्वार मागें रेलतो, पोटरी हायबॅकवर दाबते, आणि ती पाठ तरफेप्रमाणें फळीची कड बर्फांत रोंवते. बोटांच्या कडेवर वळतांना गुडघे पुढें जातात व घोट्याचा पट्टा फळीला उचलून धरतो. म्हणजे सुकाणूं जें काय आहे तें हेंच. दादाच्या मोठ्या मापाच्या बाइंडिंगांत मुलीचा बूट दोन्ही बाजूंनीं बोटबोट हालत होता. ती सुकाणूं फिरवी, पण तें नावेला जोडलेलेंच नव्हतें.

निवड करतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, माप: बाइंडिंग लहान, मध्यम, मोठें असें मिळतें, बुटाच्या मापाचा तक्ता सोबत असतो, आणि दुकानांत स्वतःचा बूट घालून, पट्टे आंवळून पाहिल्याविना घेऊं नये. पट्टे मध्यावर यावेत, शेवटच्या दांत्यावर ओढावे लागूं नयेत. दुसरी, ताठपणा: मऊ बाइंडिंग चुका पोटांत घालतें आणि पायाला खेळतें ठेवतें, ताठ बाइंडिंग इशारा तत्काळ पोंचवितें, पण चुकीचा इशाराही तितक्याच तत्परतेनें पोंचवितें. तिसरी, जुळणी: पुष्कळ फळ्यांवर चार-चार छिद्रांची मांडणी असते, तर बर्टन कंपनीच्या फळ्यांवर मधोमध एक लांब खांच असते. घेतलेल्या बाइंडिंगची तबकडी आपल्या फळीवर बसते कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वींच विचारावें. अलीकडे पट्ट्यांशिवाय नुसता पाय दाबून अडकविण्याचे प्रकारही निघाले आहेत. ते सोयीचे खरे, पण त्यांना त्याच पद्धतीचे बूट लागतात, हें विसरूं नये.

पायांचे कोनही बदलतां येतात. शिकाऊ माणसानें पुढचा पाय सुमारें १५ अंश पुढच्या टोंकाकडे वळवून व मागचा ६ ते ९ अंश उलट दिशेस वळवून आरंभ करावा. दोन पायांतील अंतर खांद्यांच्या रुंदीएवढें किंवा किंचित् अधिक असावें. गुडघे दुखूं लागले तर हा कोन व हें अंतर आधीं तपासावें. सामान बदलण्याचा विचार मागाहून करावा.

फळीचें अंतरंग

फळी उभी धरली असतां ती हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, असा जुना ठोकताळा आहे. परंतु फळीला आपली उंची कळत नाहीं. तिला कळतें तें वजन. म्हणून कारखानदारानें दिलेला वजनाचा तक्ता हाच खरा आधार. दादाची फळी १५९ सेंटिमीटर लांब होती. ५२ किलोच्या मुलीला १४३ ते १४६ पुष्कळ झाली असती.

दुसरें माप कंबरेचें, म्हणजे फळीच्या मधल्या अरुंद भागाचें. बुटाचीं टोंकें दोन्ही कडांच्या थोडीशीं बाहेर यावीं. एक-दोन सेंटिमीटर बाहेर आलीं तरी चालतें. पाय मोठा व फळी अरुंद असली तर वळणावर बूट बर्फांत घासतो व कड सुटते. पाय लहान व फळी रुंद असली तर कडेवर जोरच पोंचत नाहीं. दादाच्या फळीची कंबर २५८ मिलिमीटर. मुलीला २४० च्या आसपास हवी होती. खांदे पिळूनही फळी कां वळत नव्हती, याचा उलगडा येथें झाला.

तिसरी गोष्ट ताठपणा. तो बहुधा १ ते १० या अंकांनीं दाखवितात. परंतु एका कारखान्याचे ५ म्हणजे दुसऱ्याचे ५ असा नेम नाहीं. मऊ फळी हळू वेगांतही वळते. ताठ फळी मोठ्या वेगांत स्थिर राहते, पण तिला वांकविण्यास वजन आणि सराव दोन्ही लागतात.

चवथी, फळीचा बांक. सपाट जमिनीवर ठेवली असतां जिचा मध्य कमानीसारखा उचललेला राहतो ती "कॅम्बर". तिची पकड घट्ट, उसळी चांगली. पण नवशिक्याची कड ती चटकन् अडकविते. जिचीं टोंकें डोलखुर्चीच्या पायांप्रमाणें वर उचललेलीं असतात ती "रॉकर". ती भुसभुशीत बर्फावर तरंगते व चुका माफ करते, पण कडक बर्फावर निसटते. मधली सपाट व दोहोंचें मिश्रण केलेली, असेही प्रकार आहेत.

आणि पांचवी, घडण. दोन्ही टोंकें अगदीं सारखीं असलेल्या फळीस "ट्विन" म्हणतात. ती पुढें-मागें सारखीच चालते. जिचें पुढचें टोंक लांब-रुंद व मागचें आंखूड-अरुंद ती एकाच दिशेनें जाण्यासाठीं केलेली असते.

आपण कोणत्या जातीचे स्वार?

आतां मुख्य प्रश्न येतो, आणि तो प्रत्येकानें स्वतःलाच विचारावयाचा आहे: मी आज कशी स्वारी करतों? पुढच्या वर्षीं कशी करीन, किंवा सोबत्यांस मी कसा दिसावा, हे निराळे प्रश्न आहेत, आणि बहुतेक चुकीची खरेदी त्यांच्याच पायीं होते.

जो अजून शिकत आहे त्यानें मऊ ते मध्यम, किंचित् आंखूड, टोंकें थोडीं उचललेली फळी व मऊ बाइंडिंग घ्यावें. ज्याला उड्या, गिरक्या व कठड्यांवरून घसरणें यांची आवड आहे त्यानें ट्विन फळी, खेळतें बाइंडिंग, आणि दोन्ही पाय बाहेर सारखे वळलेले, सुमारें १५-१५ अंश, असें ठेवावें. ज्याला यंत्रानें दाबून सारखा केलेल्या उतारावर वेगानें खोल वळणें कोरावयाचीं आहेत त्याला कॅम्बर, मध्यमाहून अधिक ताठ फळी आणि ताठ हायबॅक शोभतो. जो ताज्या खोल बर्फाचा शोकी आहे त्याला रुंद नाकाची, अरुंद शेपटीची फळी व किंचित् मागें सरकविलेलें बाइंडिंग हवें, म्हणजे पुढचें टोंक बुडत नाहीं. आणि ज्याला सर्वच थोडें थोडें करावयाचें आहे, बहुतेक सुजाण माणसें याच वर्गांतलीं, त्यानें सर्व बाबतींत मध्यम मार्ग धरावा. बाइंडिंग व फळी यांचा ताठपणा मात्र एकमेकांस साजेसा असावा. मऊ फळीवर अति ताठ बाइंडिंग म्हणजे बोरूच्या लेखणीला लोखंडी मूठ.

स्त्रियांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. "स्त्रियांसाठीं" म्हणून मिळणारें सामान केवळ रंगानें निराळें असतें असा समज आहे, तो खरा नाहीं. चांगल्या कारखान्याची अशी फळी अरुंद कंबरेची व कमी वजनाला वांकेल अशी असते. स्त्रियांच्या पोटरीचा स्नायु खालपर्यंत येतो म्हणून हायबॅकही बेतानें ठेवलेला असतो. अर्थात् उंच, धिप्पाड बाईस पुरुषी माप बरोबर बसलें तर तेंच घ्यावें. देह पाहावा, पाटी पाहूं नये.

बर्फाबर्फांतील भेद

जसा स्वार तसाच बर्फही पाहिला पाहिजे. व्हर्मॉंटकडे दिवसां वितळून रात्रीं गोठलेला, दाबलेला, पुष्कळदां यंत्रानें पाडलेला बर्फ असतो. तेथें धारदार कड व घट्ट पकड यांवांचून चालत नाहीं. जपानच्या होक्काइडो बेटावर निसेको वगैरे ठिकाणीं सैबेरियाकडून येणारे थंड वारे समुद्रावरून ओलावा उचलतात आणि कापसासारखा हलका, विपुल बर्फ पाडतात. तेथें तरंगणारी फळी हवी.

आपल्याकडे याचें उत्तम ठिकाण म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. गांव सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील पाळण्याचा दुसरा टप्पा २००५ सालीं सुरू झाला व तो अफरवत शिखराच्या अंगाला, चार हजार मीटरांस थोडें कमी, इतक्या उंचीवर नेतो. वरचा बर्फ न दाबलेला, मोकळा. खालचे सौम्य उतार शिकण्यास योग्य; वरचे मात्र हिमलोट कोसळण्याचे. तेथें वाटाड्या, शोधयंत्र, फावडें व काठी यांवांचून पाऊल टाकूं नये. पहिल्यांदाच जाणाऱ्या मराठी कुटुंबांनीं सामान तेथेंच भाड्यानें घ्यावें, पण वर सांगितलेल्या कसोट्या लावूनच घ्यावें. भाड्याच्या दुकानींही मापाचा आग्रह धरतां येतो; संकोच आपलाच असतो.

एक इशारा सर्वांना. स्कीचे बंध पडतांच सुटतात. स्नोबोर्डाचे साधारणपणें सुटत नाहींत. म्हणून पडतांना दोन्ही पाय फळीशीं जखडलेले राहतात व माणूस हातांवर येतो. नवशिक्यांना मनगटाच्या दुखापती सर्वांत अधिक होतात त्या यामुळेंच. शिरस्त्राण आणि मनगटाचे रक्षक पट्टे यांत काटकसर करूं नये. आणि पहिले कांहीं दिवस शिक्षकाकडे जावें. तीं शिकवणीचीं नाणीं चांगल्या फळीपेक्षांही अधिक व्याज देतात.

हकीकतीचा शेवट

त्या दिवशीं परततांना गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं. रात्रीं मीं वहिनींना फोन करून घडलेलें सर्व सांगितलें, आणि चूक माझी हेंही सांगितलें. वहिनी क्षणभर थांबून म्हणाल्या, "भाऊजी, चष्मा कधीं आपण थोरल्याचा धाकट्याला देतों का? सदरा आणि चष्मा यांतला फरक आपल्याला कळला नाहीं, एवढेंच." इतक्या थोडक्यांत मला हें सुचलें नसतें. अंगाला नुसता झांकणारा जिन्नस एकाचा दुसऱ्याला चालतो. ज्याच्यामधून आपण पाहतों किंवा चालतों, तो ज्याचा त्याला हवा. तो दुसऱ्याचा वापरला तर दोष जिनसाचा असतो आणि माणूस मात्र स्वतःला नालायक समजूं लागतो. आमची मुलगी एका दिवसांत तसें समजूं लागली होती. आणखी चार दिवस गेले असते तर तिनें तो नाद कायमचा सोडला असता, व आम्ही सर्वांनीं "तिला नाहीं हो जमलें" म्हणून तें पुढें जन्मभर सांगितलें असतें.

मनगट बरें झाल्यावर तिनें सबंध हंगामासाठीं सामान भाड्यानें घेतलें: १४४ सेंटिमीटरची मऊ फळी, लहान मापाचें बाइंडिंग, उजवा पाय पुढें, आणि टांच न उचलणारे बूट. दादाची जुनी फळी वाया गेली नाहीं. त्याच्याच कचेरींतील, त्याच्याच अंगलटीचा एक नवा सोबती ती घेऊन गेला. रीत मोडली नाहीं, पत्ता तेवढा बदलला.

गेल्या फेब्रुवारींत तिचें पत्र आलें. मधल्या प्रतीच्या उतारावरून ती आतां दोन्ही कडांवर वळत खालीं येते. पत्राच्या शेवटीं एक ओळ होती ती मातोश्रींना मीं दोनदां वाचून दाखविली: "काका, यंदाही पुष्कळ पडलें, पण यंदा पडलें तें माझ्याच चुकीनें, आणि दर वेळीं कोणती चूक तें मला कळत होतें."